काचेची इलेक्ट्रिक केटली: काच पास, झाकण नापास

आधी निकाल सांगून टाकतो, ज्यांना घाई आहे त्यांनी इथंच थांबावं. काच उत्तम. तळाची स्टीलची चकती बरी. झाकणाची बिजागरी भिकार. पाचपैकी साडेतीन तारे, आणि त्यातला अर्धा आमच्या सौ.नी भांडून वाढवून घेतलाय, कारण गुडघा शेकायच्या पिशवीसाठी आता शेगडी अडवून पातेलं ठेवावं लागत नाही.

वस्तू अशी: दीड लिटर, १५०० वॉट, उकळी आली की आपोआप बंद. तापताना तळाशी निळा दिवा लागतो, त्याचा उपयोग फक्त नातवाला. भुसावळच्या बाजारातून घेतली, बाराशेच्या आत. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हाच साचा निरनिराळ्या नावांनी विकला जातो आणि झाकण सगळीकडे तेच आहे.

एवढ्यावर परीक्षण संपलं असतं. पण दुकानातल्या पोरानं विकताना एक वाक्य टाकलं आणि ते काही डोक्यातून जाईना. मी काच बोटानं वाजवून बघत होतो, तर म्हणाला, "काका, डोळे झाकून घ्या. बोरोसिलिकेट आहे. अणुभट्टीचा कचरा याच काचेत भरतात. लाख वर्षं पाण्यात राहिली तरी तिला काही होत नाही." मोबाईलवर कुठंतरी पाहिलं असणार. (बोरोसिलिकेट म्हणजे बोरॉन घालून केलेली काच.) शेजारी अमळनेरकडचे एक नाना मिक्सरचं भांडं बदलून घ्यायला आले होते, त्यांनीही दुजोरा दिला: "काच शे ना ती, तिले काय व्हई?"

आता माझी नोकरी दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रात, पाण्याच्या प्रयोगशाळेत झाली. पाण्यात काय काय विरघळलंय हे मोजण्याचा पगार घेतला. त्यामुळं "पाण्यात काही होत नाही" हे ऐकलं की कान टवकारतात. काच म्हणजे मुख्यतः सिलिका, म्हणजे वाळूतलंच द्रव्य, आणि सिलिका पाण्यात जाते हे आमच्या खात्यात कुणाला पटवून द्यावं लागत नाही. बॉयलरचा दाब चढला की सिलिका वाफेबरोबर उडते आणि टर्बाइनच्या पात्यांवर जाऊन बसते. वाफेत अब्ज भागांत २० भागांच्या वर सिलिका दिसली की रात्री दोनलाही फोन वाजायचा. आणि एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात शिकवली जायची: सिलिकेसाठीचा नमुना काचेच्या बाटलीत घ्यायचा नाही, प्लास्टिकच्या घ्यायचा. कारण शुद्ध पाणी बाटलीचीच सिलिका उचलतं आणि आकडा खोटा येतो. प्रयोगशाळेतली उत्तम बोरोसिलिकेट काच, तरीही. सोडियमसाठीही तेच.

तेव्हा पोराच्या वाक्यात खरं किती, ते सांगतो. केटलीशी संबंध आहे, धीर धरा.

कचरा काचेत "भरत" नाहीत. बरणीत लोणचं घालावं तसं ते नसतं. अणुभट्टीतून निघालेल्या इंधनातलं कामाचं युरेनियम-प्लुटोनियम वेगळं काढलं की मागं नायट्रिक आम्लातला एक प्रचंड किरणोत्सारी द्राव उरतो. तो आटवतात, त्यात काच बनवायचा कच्चा माल घालतात आणि सगळं मिळून हजार-अकराशे अंशांना वितळवतात. सिझियम, स्ट्रॉन्शियम आणि बाकीचे किरणोत्सारी अणू काचेच्या जाळ्याचाच भाग होऊन बसतात. मग तो रस स्टेनलेस स्टीलच्या डब्यात ओततात; हे डबे शेवटी जमिनीत खोल पुरायचे असा बेत असतो. म्हणजे ती काच भांडं नव्हे, तीच कचरा. फ्रान्समध्ये मार्कुलला १९७८ पासून हे कारखान्याच्या पातळीवर सुरू झालं, पुढं ला हागला. तिथल्या एका डब्यात सुमारे ४०० किलो काच मावते. आपल्याकडे तारापूर, तुर्भे आणि कल्पाक्कमला ही सोय आहे. तुर्भ्याची एक गंमत आमच्या धंद्यातल्या माणसाला लगेच भिडेल: तिथल्या द्रावात सल्फेट जास्त. सल्फेट नेहमीच्या बोरोसिलिकेटमध्ये नीट मुरत नाही, वितळलेल्या काचेवर पिवळट मिठाचा थर होऊन तरंगतं, आणि ते मीठ पाण्यात सहज विरघळणारं. म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्रानं त्या कामासाठी बेरियम घातलेली वेगळी बोरोसिलिकेट काच काढली.

आणि "याच काचेत" हेही तितकंसं खरं नाही. आडनाव एक, घर वेगळं. केटलीच्या किंवा प्रयोगशाळेतल्या काचेत सुमारे ८० टक्के सिलिका आणि १३ टक्के बोरॉन ऑक्साइड असतं, सोडियम जेमतेम चार टक्के. फ्रान्सच्या कचऱ्याच्या काचेत सिलिका ४५ टक्क्यांच्या आसपास, सोडियम ऑक्साइड दहाच्या घरात, बाकी अॅल्युमिनियम, कॅल्शियम, झिर्कोनियम आणि कचऱ्यातून आलेले तीसेक प्रकारचे ऑक्साइड. इतकी सिलिका कमी का, तर केटलीची काच वितळवायला सोळाशे अंशांच्या आसपास जावं लागतं, आणि तेवढ्या तापमानाला सिझियम वाफ होऊन पळून जाईल. कचरा काचेत ठेवायचा असेल तर काच कमी तापमानाला वितळली पाहिजे, आणि कमी तापमानाला वितळणारी काच पाण्याला थोडी जास्त भ्यायला लागते. म्हणजे अणुकचऱ्याच्या काचेपेक्षा आपल्या केटलीची काच पाण्यात जास्त टिकाऊ. पोरानं जाहिरात उलटी केली. त्यानं म्हणायला हवं होतं, "काका, त्या काचेपेक्षा ही भारी आहे."

आता तिसरा भाग, "लाख वर्षं पाण्यात काही होत नाही". होतं. पण कसं होतं ते फार सुरेख आहे, आणि यासाठीच मी एवढं लिहायला बसलो.

पाणी काचेला लागलं की आधी सोडियम निघतो. पाण्यातला हायड्रोजन आत शिरतो, सोडियम बाहेर येतो, आणि तेवढ्यानं पाणी किंचित अल्कधर्मी होतं. मग पाणी सिलिकाच्या जाळ्याचे दुवे तोडायला लागतं. बोरॉन तर थांबतच नाही, सुटला की सरळ पाण्यात. म्हणून किती काच झिजली हे मोजायचं असेल तर संशोधक पाण्यातलं बोरॉन मोजतात; सिलिका मोजून फसगत होते, कारण सुटलेल्या सिलिकेतला बराच भाग पुन्हा काचेच्याच अंगावर बसतो. तिथं एक मऊ, अतिसूक्ष्म छिद्रांचा थर तयार होतो, सिलिका, अॅल्युमिनियम, झिर्कोनियम आणि थोडा कॅल्शियम यांचा. त्याला जेल म्हणतात. हा थर दाटत जातो, आतलं पाणी सिलिकेनं भरत जातं, आणि झिजण्याचा वेग कोसळतो. जो चहा आधीच गोडमिट्ट आहे त्यात आणखी साखर विरघळायला नको म्हणते, त्यातलाच प्रकार.

वेग किती कोसळतो? फ्रेंच काच ९० अंशांच्या ताज्या शुद्ध पाण्यात ठेवली तर सुरुवातीला एका चौरस मीटरवरून दिवसाला साधारण एक ग्रॅम जाते. जाडीत सांगायचं तर दिवसाला मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा) तिसरा हिस्सा. हाच वेग टिकला असता तर सात-आठ वर्षांत मिलिमीटरभर काच गेली असती. पण पाणी साचलेलं असेल, सिलिकेनं भरलं असेल, तर वेग हजार ते दहा हजार पटींनी खाली येतो. दहा हजार पट धरली तर एक मिलिमीटर जायला सत्तर-पंचाहत्तर हजार वर्षं. आणि हे ९० अंशांना. सिझियम आणि स्ट्रॉन्शियम यांचं अर्धआयुष्य तीस वर्षांच्या आसपास, त्यामुळं काही शतकांत डब्याची उष्णता बरीच उतरलेली असते. पाणी स्टील खाऊन काचेपर्यंत पोचेल तेव्हा ती आणखी थंड, झीज आणखी हळू. एक खोट मात्र लक्षात ठेवायची: ओतलेली काच थंड होताना तडकते, म्हणून पाण्याला मिळणारा पृष्ठभाग दिसतो त्यापेक्षा कितीतरी जास्त.

हा जेलचा थर नेमका कसा बनतो यावर शास्त्रज्ञांत अजून जुंपलेली आहे. एक बाजू म्हणते, आत-बाहेर होणाऱ्या अणूंच्या देवाणघेवाणीतून काचेचंच जाळं हळूहळू रूप बदलतं. दुसरी म्हणते, काच पूर्ण विरघळते आणि त्याच जागी सिलिका नव्याने बसते. दोन्हीकडे चांगली माणसं आहेत, सूक्ष्मदर्शकाची सुंदर चित्रं आहेत. माझा कल पहिल्याकडे. पण माझ्या कलाला कोण विचारतो.

मला जास्त रस पाण्यात. कारण सगळी गंमत तिथं आहे. हीच काच, एकाच तापमानाला, वेगवेगळ्या पाण्यात वेगवेगळी वागते. वाहतं पाणी वाईट, कारण ते सिलिका साचूच देत नाही. साचलेलं पाणी बरं. शुद्ध पाणी अधाशी, खडकातून आलेलं पाणी आधीच थोडं पोट भरलेलं. कॅल्शियम साधारणपणे जेलला मदत करतं. मॅग्नेशियम मात्र चोर. ते पाण्यातली सिलिका पकडून मातीसारखी खनिजं बनवतं, पाणी पुन्हा उपाशी होतं, आणि काच पुन्हा झिजायला लागते. आम्हाला हे नवीन नाही. बॉयलरच्या नळ्यांत मॅग्नेशियम सिलिकेटचा थर आम्ही छिन्नीनं खरवडलाय. लोखंडही तेच करतं: डब्याचं लोखंड गंजून जे पाण्यात उतरतं, ते सिलिकेला धरून खाली बसतं. म्हणजे काचेचं रक्षण करणारा डबा गंजायला लागला की तोच काचेचा वैरी.

यातही एक बारीक जागा आहे. २०२० साली अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या गटानं दाखवलं की स्टेनलेस स्टील आणि काच अगदी चिकटून असतील आणि मधल्या फटीत खारट पाणी अडकलं, तर तिथलं रसायन बिघडतं: स्टीलच्या गंजण्यानं फटीतलं पाणी आम्लधर्मी आणि आक्रमक होतं आणि दोघांची झीज एकमेकांना वाढवत नेते. उघड्या काचेवर जे मोजलं ते फटीत लागू पडत नाही. हे वाचलं आणि मी उठून केटली उलटी केली. काच आणि स्टीलच्या चकतीच्या मध्ये सिलिकोनची रिंग आहे. घट्ट आहे, पाणी आत जात नाही. पण रिंगच्या कडेला एक खाच आहे, तिथं पाणी राहतं आणि तिथंच पहिला तपकिरी डाग आला. हा काही अणुकचरा नाही, लिंबूसत्त्वानं निघाला. तरी वापरून झाल्यावर केटली उलटी करून निथळत ठेवा. घेताना रिंग बोटानं दाबून बघा. सैल वाटली तर दुसरा नग मागा.

आता आपल्या पाण्याकडे येऊ. खान्देशचं भूजल म्हणजे एक तर काळ्या पाषाणातलं नाहीतर तापीच्या गाळातलं. यावल-रावेरच्या केळीवाल्यांना विचारा, बोअर किती खोल नेल्या ते. आमच्या सोसायटीच्या बोअरचं पाणी टीडीएस मीटरवर सातशेच्या आसपास, जड, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचं बायकार्बोनेट भरलेलं. पाषाणातून आल्यामुळं सिलिकाही बऱ्यापैकी. असं पाणी केटलीत उकळलं की कार्बन डायऑक्साइड उडतो, पाण्याचा पीएच चढतो आणि चुनखडी खाली बसते. काचेवर पांढुरका पडदा येतो. पहिल्या आठवड्यात सौ. म्हणाल्या, "अहो, काच आंधळी झाली, परत करा." ती आंधळी झाली नव्हती. ओळखायची सोपी रीत: लिंबूसत्त्वाचं पाणी घालून उकळा. पडदा गेला तर तो क्षार. गेला नाही, कोरडी काच उजेडात धरली तरी धुरकट दिसली, तर पाण्यानं काच खाल्ली. आमचा पडदा एका उकळीत गेला.

स्वयंपाकघरातली काच खरोखर आंधळी कुठं होते, तर साध्या सोडा-चुन्याच्या काचेचे पेले भांडी धुण्याच्या यंत्रात रोज घातले तर. गरम, मृदू पाणी आणि अल्कधर्मी साबण. तिथं उलटं दिसतं: जड पाण्यानं डाग पडतात पण ते पुसता येतात, मृदू पाण्यानं काच कायमची झिजते. म्हणून केटलीचा क्षार काढायला लिंबूसत्त्व किंवा व्हिनेगर वापरा, धुण्याचा सोडा उकळू नका, कॉस्टिक तर मुळीच नको. सिलिकेला आम्लाचं भय नाही (हायड्रोफ्लोरिक सोडून, ते तुमच्या घरात नसतं, नसावं), अल्कलीचं आहे. हेच भूगर्भात: सिमेंटमधून झिरपलेल्या पाण्याचा पीएच १२ च्याही वर असतो, म्हणून कचऱ्याच्या काचेशेजारी काँक्रीट ओतताना विचार करावा लागतो.

मग केटलीत आरओचं पाणी घालावं की बोअरचं? हा प्रश्न मला शेजारच्या पाटलीणबाईंनीही विचारला. काचेच्या दृष्टीनं बोललो तर आरओचं पाणी जास्त अधाशी. पण आकडा मांडून बघा. समजा केटली चक्क त्या फ्रेंच काचेची आहे, कचरा न घातलेल्या. आतून पाणी लागणारी काच अंदाजे पाच शतांश चौरस मीटर. दिवसातून अर्धा तास पाणी कढत्या तापमानाला. सुरुवातीचा सगळ्यात वाईट वेग धरला, तरी दिवसाला सुमारे एक मिलिग्रॅम काच जाईल. बोअरच्या एका लिटरमध्ये त्याच्या कितीतरी पट सिलिका आधीच विरघळलेली असते आणि ती आपण जन्मभर पीत आलोय. केटलीची काच तर त्याहून चिवट. तेव्हा काचेची काळजी सोडा. आरओचं पाणी घाला, कारण क्षार खरवडायचा त्रास वाचतो. चव मात्र बोअरच्या पाण्याच्या कोऱ्या चहाची जास्त, हे मी मान्य करतो.

फार जपणाऱ्यांची प्रमाण चाचणी कशी असते तेही सांगतो, म्हणजे दुकानात कुणी "टेस्टेड" म्हणाला की विचारता येईल. कचऱ्याची काच कुटून बारीक चाळतात, ७५ ते १५० मायक्रॉनचे कण घेतात, शुद्ध पाण्यात घालून ९० अंशांवर ७ दिवस ठेवतात आणि मग पाण्यात किती बोरॉन, सोडियम, सिलिकॉन आलं ते मोजतात. पावडर का, तर पृष्ठभाग वाढवून वर्षांचं काम दिवसांत करायला. पण सात दिवसांवरून लाख वर्षांचं भाकीत करायचं म्हणजे धाडसच. म्हणून ते लोक जुन्या काचा शोधत फिरतात. फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्याजवळ, एम्बिएझ बेटापाशी बुडालेल्या रोमन जहाजात काचेचे गोळे सापडले, १८०० वर्षं समुद्राच्या पाण्यात पडलेले. तडकलेले, कचऱ्याच्या काचेसारखेच. त्यांच्या बाहेरच्या अंगावर झीज जास्त होती, पण आतल्या बारीक चिरांमध्ये फारच कमी. तिथं पाणी अडकलं, भरलं, आणि चिरा झिजेतून निघालेल्या मालानंच बुजल्या. प्रयोगशाळेतल्या गणिताला यापेक्षा चांगला साक्षीदार कुठून मिळणार?

आणि त्याहून जुना साक्षीदार आपल्या पायाखाली आहे. दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. लाव्हा भराभर थिजला की त्यातही काच होते, कमी सिलिकेची, लोखंड-मॅग्नेशियमची. तिच्यातून गरम भूजल फिरलं, काच मोडली, आणि खडकाच्या पोकळ्यांत नवी खनिजं वाढली: स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट ही झिओलाइट नावाच्या गटातली, सोबत अपोफिलाइट. जळगाव जिल्ह्यातल्या खाणींतले असे स्फटिक जगभरच्या संग्राहकांकडे जातात. अजिंठ्याच्या पायथ्याशी फेरीवाले "साहेब, क्रिस्टल" म्हणून मागं लागतात ना, तेच. पर्यटकांना ते दागिना वाटतात. कचऱ्याच्या काचेवर काम करणाऱ्याला मात्र झिओलाइट म्हटलं की घाम फुटतो. कारण मंदावलेली झीज काही वेळा अचानक पुन्हा उसळते: पाणी फार अल्कधर्मी झालं, तापमान चढं असलं, तर झिओलाइटचे स्फटिक वाढायला लागतात, त्यांना अॅल्युमिनियम आणि सिलिका लागते, ती ते जेलच्या थरातून ओढतात आणि काचेचं कवचच उसवतात. त्यामुळं कचरा पुरायच्या भांडाराचं ठिकाण निवडताना नुसता खडक कोरडा आहे की नाही एवढं बघून भागत नाही, तिथलं पाणी कुठल्या स्वभावाचं आहे ते बघतात. फ्रान्सनं ब्यूरजवळ सुमारे ५०० मीटर खोलीवर चिकणमातीचा खडक निवडलाय, जिथं पाणी जवळपास हलतच नाही. आपल्याकडे असं कायमचं भांडार अजून नाही. काचेचे डबे तारापूरला हवेवर थंड ठेवलेत. १९८० च्या दशकात कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जवळपास किलोमीटरभर खाली, खडक तापवून बघायचे प्रयोग मात्र झाले होते.

झिओलाइटबद्दल मनात राग धरू नका. जुन्या काळी पाणी मृदू करायला तेच वापरायचे, आज कपड्यांच्या साबणात असतं, आणि फुकुशिमाच्या दूषित पाण्यातलं सिझियम पकडायलाही तेच कामाला आलं.

बरं, केटली. राहिलेलं पटकन सांगतो. मूठ गरम होत नाही. वायर आखूड, ओट्याच्या जवळ सॉकेट नसेल तर एक्स्टेंशन लावाल, लावू नका, १५०० वॉटला स्वस्तातलं एक्स्टेंशन वितळतं. लाईट गेली की इन्व्हर्टरवर चालवायचा मोह होईल. साधा घरगुती इन्व्हर्टर ओरडून बंद पडतो. उकळी यायला पाच-सात मिनिटं, उन्हाळ्यात त्याहून कमी, कारण मे महिन्यात भुसावळच्या टाकीतलं पाणी मुळात निम्मं तापूनच येतं. गरम केटलीत गार पाणी ओतलं तरी काच तडकली नाही, बोरोसिलिकेटचा खरा फायदा हा: तापल्यावर ती साध्या काचेच्या जवळपास एक तृतीयांशच प्रसरण पावते. दूध तापवू नका, तळाला लागतं आणि वास जात नाही. सौ.चं मत, "चहा पातेल्यातच होतो, ही पाण्याची गाडी आहे", आणि त्यावर माझं काही म्हणणं नाही.

झाकण. बटण दाबलं की ते झटक्यात उघडतं आणि सगळा जोर प्लास्टिकच्या दोन बारीक खुंट्यांवर येतो. आमची एक खुंटी दिवाळीच्या आधीच मोडली. दुकानदारानं "काच फुटली तर गॅरंटी, झाकणाला नाही" असं हसत सांगितलं. आता झाकण हातानं ठेवतो, हातानं काढतो, चालतंय. पण झाकण पूर्ण बसलं नाही तर वाफ केटली बंद करणाऱ्या मागच्या पट्टीपर्यंत पोचत नाही आणि केटली आपोआप बंद होत नाही, पाणी उकळतच राहतं. म्हणून ती सुरू असताना घरात वयस्कर माणूस एकटा असेल तर माझ्या मते ही घेऊ नये. त्याच रांगेत वेगळं उचलून ठेवायच्या झाकणाची केटली दीड-दोनशे रुपये जास्त देऊन मिळते. ती घ्या. काच तीच आहे, दाखवताना पोरगा अणुकचऱ्याचं तेच सांगेल.